चार आवाजांत सावधान

आमच्या धाकटीने लग्नाचं घरी सांगितलं ते सगळे जेवायला बसलेले असताना. आबांच्या तोंडात घास असला की ते बोलत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. तेवढ्यात तिने सगळं उरकून घेतलं. "मुलगा मी काम करते त्याच हॉटेलात शेफ आहे. मिझोरामचा आहे. ख्रिश्चन आहे. मी त्याच्याशीच लग्न करणार आहे."

आबांनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि विचारलं, "कुटं आलं ते?"

मी मोबाईलवर नकाशा काढला. आबांनी आधी आपलं कान्हे स्टेशन शोधायला लावलं, मग त्यावर बोट ठेवून मला पलीकडची बाजू सरकवायला सांगितली. नागपूर गेलं, कलकत्ता गेलं, बांगलादेश ओलांडला, तेव्हा कुठे मिझोराम आलं. आबा कान्ह्यावरचं बोट न उचलता म्हणाले, "येवढ्या वाटंत हिला मदी कोनीच भेटलं न्हाई?"

आई गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द आत्याचा असतो. ती आबांची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहते. धर्म, जात, मटण, काय खातात, काय पितात, यातलं ती काय काय काढेल याची उत्तरं मी आणि धाकटी तयार करून गेलो होतो. आत्याने त्यातलं काहीच विचारलं नाही. तिने फक्त मुलाचं नाव विचारलं, ते तीनदा म्हणून बघितलं, बोटांवर मात्रा मोजल्या आणि मान हलवली. "वृत्तात बसत न्हाई."

इथे आत्याविषयी सांगायला हवं. आमच्या भागातल्या लग्नांत भटजींची मंगलाष्टकं झाली की घरच्या बायका माइकपाशी येऊन आपली स्वतःची म्हणतात. ती रचण्यात आणि म्हणण्यात आत्याचा हात धरणारं कामशेतपासून वडगावपर्यंत कोणी नव्हतं. नवरा, नवरी, दोन्हीकडचे आजे, मामा, भावकी, सगळ्यांची नावं ती वृत्तात कोंबायची. एक नाव राहिलं तर ते घर वर्षभर बोलत नसे. तिच्या मागे गावातल्या चौघीजणी उभ्या राहायच्या. पाच बायका एका माइकवर गायच्या तेव्हा सूरही पाचच असायचे, फक्त ते कोणी ठरवून घेतलेले नसायचे. शेवटचं 'मंगलम्' आत्या इतकं लांबवायची की लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजून त्यांचा गोळा व्हायचा. मागून कोणीतरी "आत्याबाई, जेवणं थांबल्यात" असं ओरडायचं. आत्या ते कौतुक समजायची.

तर मुलगा पहिल्यांदा घरी आला तो भातलावणी संपत आली होती तेव्हा. लोणावळ्याहून लोकलने कान्ह्याला उतरला आणि चिखल तुडवत चालत आला. आमची आपली तयारी अशी की त्याच्याशी हिंदीत बोलायचं. आबांनी दोन वाक्यं पाठही केली होती. मुलगा दारात उभा राहिला, पायातले बूट हातात घेतले आणि म्हणाला, "राम राम आबा. ह्ये चिखलाचं पाय कुटं धुवू? आनि भात झाला का लावून सगळा?"

त्याचं मराठी सगळं हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं होतं. तिथे त्याच्या हाताखालची पोरं पवन मावळातली आणि नाणे मावळातली, त्यामुळे तो आमच्यापेक्षा अस्सल बोलायचा. मी तळेगावात शाळेत शिकवते, माझं बोलणं केव्हाच सपक झालेलं. आबा त्याला घेऊन थेट खाचरांवर गेले. त्याच्या गावाकडेही डोंगरउतारावर भाताची शेती होती. दोघे बांधावर उभे राहून कुठल्या भाताला वास असतो आणि रानडुकरं कशी हाकलायची यावर तासभर बोलले. तो गेल्यावर आबा म्हणाले, "पोरगं आपल्यातलंच वाटतंय. जरा लांबून आलंय, येवढंच."

आत्याचं मन मात्र वृत्तात अडकलं होतं. तिने एक परीक्षा ठेवली. पुढच्या लग्नसराईत कामशेतच्या एका मंगल कार्यालयात नात्यातलं लग्न होतं, तिथे मुलाला घेऊन या म्हणाली. आमच्या लोकांत कसा वागतो ते बघायचं होतं.

तो आला. फेटा बांधून घेतला, अक्षता मुठीत घेऊन उभा राहिला. भटजींचं झालं आणि आत्या चौघींना घेऊन माइकवर गेली. त्या दिवशी तर त्या अशा काही सुटल्या की मंडपाबाहेर बांधलेला नवरदेवाचा घोडा मागे सरकला. मी हळूच मुलाकडे पाहिलं. तो डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, गेलं आता हे लग्न.

गाणं संपल्यावर तो सरळ आत्यापाशी गेला. "आत्या, तुमची हार्मनी लय अवगड हाय. आमच्याकडं चार पार्ट असत्यात. तुमचं पाच. आनि कोन कवा कुटं जाईल, कळतंच न्हाई. कवापासून शिकताय?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या गावात माणूस बोलायच्या आधी गायला लागतो आणि गायचं म्हणजे चार आवाजांत. बायकांचा एक उंच, एक खालचा. पुरुषांचे तसेच दोन. चौघांचे सूर वेगळे, पण चारही एकमेकांत बसणारे. आमचे पाच सूर त्याला तसेच मुद्दाम बसवलेले वाटले होते. आत्याने मला विचारलं, "हार्मनी म्हंजी?" मी म्हटलं, "सगळ्या वेगवेगळं गातात आणि ते चांगलं लागतं, त्याला म्हणतात." आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवर तिला लोक "पुरे" म्हणाले होते, "जरा आवरा" म्हणाले होते. अवघड आहे असं कोणीच म्हणालं नव्हतं. खरं काय ते दोघांनाही सांगायची माझी छाती झाली नाही.

मग त्याने मोबाईलवर आपल्या गावच्या चर्चमधलं गाणं दाखवलं. पांढरे शर्ट घातलेले पुरुष, अंगाभोवती नक्षीचं विणलेलं वस्त्र गुंडाळलेल्या बायका, चार ओळी, पुढे त्याचे मामा हात हलवतायत. मामा निवृत्त मुख्याध्यापक होते आणि गावचं गायन त्यांच्या ताब्यात होतं. आत्याने तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला. शेवटी म्हणाली, "ह्या बाया येकमेकींच्यात घुसत कश्या न्हाईत?"

लग्न मार्चमध्ये ठरलं. आधी आमच्याकडे मंगल कार्यालयात, दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या चर्चमध्ये. मुलाकडून मामांसह दहाबारा माणसं येणार होती, आणि मामांचा निरोप आला की आत्याबाईंचं मंगलाष्टक आम्हीही म्हणू, फक्त चाल लिहून पाठवा आणि शब्दांचा अर्थ कळवा.

आत्याने ते मनावर घेतलं. भटजींची देवादिकांची मंगलाष्टकं भटजीच म्हणतील, आपलं मात्र माणसांचं असेल, म्हणजे कोणालाच अडचण नको, असं तिचं तिनेच ठरवलं. नावं बसत नव्हती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिने नावांशिवाय रचलं:

आली दूरुन मंडळी हसत ही ओलांडुनीया दरी,
भाषा ना कळली तरी समजते माया मनींची खरी,
खाती भात तिथे, इथे पण म्हणे, द्या हो मला भाकरी...

आणि शेवटी नेहमीचं 'कुर्यात् सदा मंगलम्'. भाकरीची ओळ खरी होती. जावई आला की भात बाजूला सारून भाकरीच मागायचा.

चाल लिहायचं काम भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडे गेलं. काकांनी पेटीवर चाल काढली आणि मामांना वाचता यावी म्हणून सारेगम इंग्रजी अक्षरांत लिहिली. सा-साठी एस, रे-साठी आर, म-साठी एम. मी फोटो काढून पाठवला. आठवड्याने मामांकडून रेकॉर्डिंग आलं. पंचवीस-तीस माणसं झोकात गात होती. 'भाकरी' तर इतकं गोड म्हटलं होतं की अंगावर काटा आला. पण आत्याच्या कपाळाला आठी पडली.

"चाल माजी न्हाई," ती म्हणाली. "पन वळकीची वाटतीय. माजीच चाल सासरी जाऊन आल्यागत."

झालं होतं असं, की त्यांच्याकडेही गाणं अक्षरांतच लिहितात, पण ती अक्षरं डो-रे-मीची. आमचा एस म्हणजे सा, त्यांचा एस म्हणजे सो, म्हणजे आपला पंचम. आमचा एम मध्यम, त्यांचा एम गंधार. आणि गंधाराचा जी तर त्यांच्याकडे नव्हताच. मामांनी लिहिणाऱ्याची चूक समजून तो सगळीकडून गाळला होता.

पेटीवाले काका फार खजील झाले. मग व्हिडिओ कॉल लावला. काकांना मराठीशिवाय येत नाही, मामांना मिझो आणि इंग्रजी. मी दुभाष्या म्हणून बसले होते, पण माझी गरजच पडली नाही. मामांनी तिकडून "डो" म्हणून सूर लावला. काकांनी पेटीवर बोट फिरवत फिरवत तो पकडला आणि ओरडले, "सा!" मामा ओरडले, "सा!" मग काकांनी रे दाबला, मामांनी तोंडाने लावला. असे ते दोघे सगळं सप्तक चढले आणि उतरले. शेवटच्या सा-ला दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. आत्या मला म्हणाली, "ह्यांचंच लगीन लावा आधी."

लग्नाच्या आठवडाभर आधी मंडळी विमानाने पुण्याला आली. सोबत एक लांबट ढोलकं होतं, दोन्हीकडून चामडं लावलेलं. ते आमच्या पखवाजाशेजारी ठेवलं तर चुलतभाऊ दिसत होते. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात तालीम सुरू झाली. मामांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक करून गायला लावलं आणि आवाज वेगळे काढले. आत्या सगळ्यात वरच्या ओळीत गेली, ते तिला मान्य होतं. भूकंप झाला तो चौघींतल्या शेजारच्या काकूंच्या बाबतीत. काकूंचा सूर कायम खाली लागायचा म्हणून आत्या त्यांना आजवर माइकपासून हातभर लांब उभी करत आलेली. मामांनी काकूंना ऐकलं, परत गायला लावलं आणि टाळी वाजवली. मी भाषांतर केलं: "मामा म्हणतायत, काकूंचा आवाज बिघडलेला नाही. त्या जन्मापासून दुसऱ्या ओळीतल्या आहेत. त्या ओळीला आल्टो म्हणतात."

काकूंनी पदर खोचला. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं, "मी आल्टो हाय. कुनी सांगितलंच न्हवतं."

आबा गाणारे नव्हेत. ते गोठ्यापाशी उभे राहून आम्हाला हसत होते. पण त्यांनी म्हशीला दिलेली हाक मामांच्या कानावर गेली आणि मामा तालीम सोडून त्यांच्यामागे धावले. असा खर्ज त्यांना हवाच होता. आबांना काम दिलं ते एकाच सुराचं. बाकीच्यांचे आवाज वरखाली होतील, आबांनी खाली धरून ठेवायचं.

"येकच सूर?" आबा म्हणाले. "बास?"

"एकच. पण हलायचं नाही," मी मामांचं बोलणं सांगितलं.

"मी कशाला हलतोय?"

आबा तो सूर बांधावर बसून घोटायचे. पलीकडच्या शेतवाल्याने दोनदा येऊन पाहिलं, त्याला वाटलं आमच्या विहिरीवरची मोटर चालूच राहिलीय.

अडचण आत्याचीच झाली. शेजारी कोणी वेगळा सूर लावला की ती तिकडे ओढली जायची आणि मग चिडायची. "समदी वेगळं म्हनत्यात, तर मी माजं म्हनू कसं?" तिने इतकी वर्षं चौघींना आपल्यामागे फरफटत नेलं होतं. कोणाच्या बरोबरीने चालायची वेळच आली नव्हती. दोन दिवस तिने कानात कापूस घातला, मग स्वतःचाच आवाज ऐकू येईना म्हणून आणखी जोरात गाऊ लागली. शेवटी मामांच्या पत्नीने तिचा हात हातात घेतला आणि दोघी शेजारी बसून हळू आवाजात म्हणू लागल्या. मामी खालून, आत्या वरून. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. कितीतरी वेळाने आत्या मधेच थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, ती खाली हाय म्हनून मी वर दिसतीय." त्यानंतर तिने कापूस घातला नाही.

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. आशीर्वादाची भाषणं झाली, त्यात एका पुढाऱ्याने मुलाकडच्यांचं "नेपाळहून आलेल्या पाहुण्यांचं" स्वागत केलं आणि जावयाने तिथूनच "मिझोराम, भाऊ, मिझोराम" असं ओरडून सांगितलं. अंतरपाट धरला. भटजींनी आपली मंगलाष्टकं म्हटली आणि घड्याळाकडे बघत माइक आमच्याकडे दिला.

मामांनी हात वर केला. आबांचा सूर आधी आला, जमिनीतून आल्यासारखा. त्यावर पुरुषांची वरची ओळ, मग काकू, आणि सगळ्यांच्या वर आत्या. पहिल्या ओळीलाच कार्यालयातली कुजबुज थांबली. वाढपी भांडी हातात घेऊन दारात आले. तेवढ्यात आणखी एक आवाज मिसळला, आणि तो अंतरपाटाच्या मागून येत होता. नवरदेव गात होता. चर्चमध्ये तो पुरुषांच्या वरच्या ओळीत गातो, त्याला राहवलंच नाही.

भटजी गडबडले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नवरदेवांनी स्वतःची मंगलाष्टकं म्हणू नयेत."

मी विचारलं, "शास्त्रात मनाई आहे का?"

भटजींनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मनाई नाही. अशी वेळच आली नसावी."

अंतरपाटाच्या अलीकडे धाकटी हसता हसता रडत होती. भाकरीची ओळ आली तेव्हा लोक खळखळून हसले, आणि 'मंगलम्' सुरू झाल्यावर पुन्हा गप्प झाले. आत्याने ते नेहमीसारखंच लांबवलं, पण या वेळी तिच्याखाली तीन ओळी उभ्या होत्या. भटजींनी "सावधान" म्हटलं, अंतरपाट निघाला, आणि काहीच झालं नाही. अक्षता टाकायचं लोक विसरले होते. बँडवाला ट्रम्पेट मांडीवर ठेवून बसला होता. शेवटी आबाच ओरडले, "अरं, टाका की!" मग एकदम तांदळाचा पाऊस पडला आणि मागून मागणी आली, "परत! परत!"

"लग्न एकदाच लागतं," भटजी म्हणाले. ते खरंच होतं. म्हणून मग हार घालताना परत म्हटलं, आणि जेवणाच्या पंगतीत तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आम्ही बायका साड्या सावरत दुसऱ्या-तिसऱ्या बाकांवर बसलो. आत्याने पर्समध्ये अक्षता आणल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. पहिली प्रार्थना झाली, सगळे "आमेन" म्हणाले, आणि आत्याने मूठभर अक्षता पुढे भिरकावल्या. तिचा हिशेब सरळ होता, सगळे एकदम काहीतरी म्हणाले की टाकायच्या. पाद्रीबाबा क्षणभर थांबले, खांद्यावरचे तांदूळ पाहिले आणि पुढे सुरू झाले. दुसऱ्या आमेनला मी तिचा हात धरणार होते, तर पुढच्या बाकावरून मामांनी मागे वळून ओंजळ पुढे केली होती. तिसऱ्या आमेनला निम्मं चर्च अक्षता टाकत होतं.

त्याचा व्हिडिओ कोणीतरी फिरवला. पुढच्या लग्नसराईत लोक पत्रिका छापायच्या आधी आत्याकडे येऊ लागले. "ते चार आवाजांचं पायजे." आत्याने रीतसर माणसं जमवली. तळेगावच्या सोसायटीतल्या दोघी आल्या, लोणावळ्याच्या हॉटेलातली तीन मिझो मुलं सुट्टीच्या दिवशी येऊ लागली, आणि खालच्या ओळीला आबांच्या जोडीला बुद्धविहारात वंदना म्हणणारे एक रेल्वेतले भाऊ मिळाले. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात मंगल गाथांना जावयाने चार ओळी बसवून दिल्या. आत्याला पालीतलं काही कळत नव्हतं, पण तालमीला ती वेळेआधी हजर असायची. पखवाज आणि ते लांबट ढोलकं आता एकाच बैठकीत वाजतात. गेल्या वर्षी घोरावाडीच्या एका लग्नात मुलीच्या बापाने, घराण्याची परंपरा आहे, आमच्यात मंगलाष्टकं चार आवाजांतच होतात, असं माइकवरून सांगितलं. ती परंपरा त्यांच्या थोरलीच्या लग्नापासूनची, आणि थोरली आमच्या धाकटीच्या नंतर नऊ महिन्यांनी उजवली होती.

यंदा जावयाच्या बहिणीच्या लग्नाला आत्या मिझोरामला जाऊन आली. परत आली त्या रविवारी मी आणि जावई तिला विमानतळावरून आणून धाकटीच्या घरी लोणावळ्याला नेत होतो. मला वाटलं, तिकडच्या गाण्याचं सांगेल. तिने सांगितलं ते रस्त्यांचं. "तितं गाड्या येकामागं येक हुब्या ऱ्हात्यात. कोनी मदी घुसत न्हाई. आनि हॉर्न तर मी ऐकलाच न्हाई."

तेवढ्यात आम्ही लोणावळ्यात शिरलो. पावसाळी रविवार, धबधब्यांना निघालेलं सगळं पुणं आणि सगळी मुंबई रस्त्यावर. गाडी जागची हलेना. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले, जो तो आपापल्या पट्टीत. मी कानांवर हात ठेवले. आत्या काच खाली करून शांतपणे ऐकत राहिली. मग पुढच्या टेम्पोकडे बोट करून जावयाला म्हणाली, "ह्यो खालच्या वळीत घ्यायसारका हाय."

जावयाने कान दिला. "व्हय," तो म्हणाला, "पन त्यो लाल गाडीवाला लय चढा लावतोय."

"त्याला जरा लांब हुबा कर," आत्या म्हणाली.